एक साइट, चार प्रती : चुकीच्या तारखेचा शोध

एका प्रशिक्षण संस्थेच्या साइटवर प्रवेशाची शेवटची तारीख मुख्य पानावर 30 होती आणि अभ्यासक्रमाच्या पानावर 15. एका मुलीने मुख्य पान वाचलं, 22 तारखेला कागदपत्रं घेऊन आली आणि तिला परत जावं लागलं. खरी तारीख 15 होती. त्याच आठवड्यात आणखी एक तक्रार आली : साइटवरचा फोन नंबर लागत नाही. नंबर बदलून दोन महिने झाले होते आणि तो साइटवर ‘सगळीकडे’ बदलला आहे याची कार्यालयाला खात्री होती.

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते ‘साइट जुनी झाली, नवी करून द्या’ अशा शब्दांत. नवी करण्याआधी मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. ज्या तारखेबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं, ती दोन पानांवर वेगळी कशी झाली? हे न कळता नवी साइट बांधली असती तर सहा महिन्यांनी नव्या साइटवरही दोन तारखा दिसल्या असत्या.

संस्था छोटी आणि स्वयंसेवी, संध्याकाळचे प्रशिक्षण वर्ग चालवणारी. साइट 58 पानांची. संस्थेच्याच एका जुन्या कार्यकर्त्याने ती ड्रीमवीव्हरमध्ये, म्हणजे पान डोळ्यांसमोर पाहत साइट बांधायच्या दृश्य सॉफ्टवेअरमध्ये, बांधली होती आणि नीट बांधली होती. पुढे त्यांचं येणं थांबलं, जाताना ते सगळ्या फाइल एका पेन ड्राइव्हवर देऊन गेले. त्यानंतर साइटला तीन जणांचे हात लागत होते. कार्यालय सांभाळणाऱ्या ताई, एक तरुण स्वयंसेवक आणि क्वचित अभ्यासक्रमांची जबाबदारी असलेले सर. ताई ड्रीमवीव्हर वापरत. सर मजकूर लिहून पाठवत. स्वयंसेवक सरळ होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, तिथल्या फाइल मॅनेजरमध्ये पान उघडून कोड बदलत असे. काम तिघांचंही मनापासून होतं, हे आधीच सांगतो. अशा प्रकरणात ‘कोणी केलं’ हा प्रश्न लवकर पुढे येतो आणि खरं कारण तिथेच दडपलं जातं.

पहिल्या दिवशी मी एकही बदल केला नाही. सर्व्हरवरची साइट जशी होती तशी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली. मग ताईंच्या संगणकावरची, स्वयंसेवकाच्या लॅपटॉपवरची आणि पेन ड्राइव्हवरची. अशा चार प्रती झाल्या. फाइलींच्या तारखा पाहून कोणती नवी ते ठरवावं असं कोणालाही वाटेल, पण त्या तारखांवर विसंबता येत नाही. पान सर्व्हरवर चढवलं की तिथे फाइलची तारीख म्हणून चढवण्याची वेळच दिसू शकते, मजकूर वर्षापूर्वीचा का असेना. म्हणून मी विनमर्ज या फाइली ताडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही फोल्डर एकमेकांसमोर ठेवून मजकूरच ताडून पाहिला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्या दोन संध्याकाळींनी पुढचे दोन महिने वाचवले असं आजही वाटतं.

फोन नंबरचं कोडं आधी सुटलं. त्यासाठी ड्रीमवीव्हरची टेम्प्लेट, म्हणजे सगळ्या पानांचा सामाईक साचा, आतून कशी चालते ते पाहावं लागेल. बहुतेकांचा समज असा की पान टेम्प्लेटला ‘जोडलेलं’ असतं, म्हणजे वाचक पान उघडतो तेव्हा मथळा आणि मेनू टेम्प्लेटमधून येतो. तसं काही होत नाही. प्रत्येक पानात मथळा, मेनू, तळपट्टी हे सगळं पूर्णपणे लिहिलेलं असतं. टेम्प्लेटशी नातं असतं ते फक्त पानाच्या कोडमधल्या काही टिप्पण्यांचं. एक टिप्पणी सांगते की हे पान अमुक टेम्प्लेटवरून झालं आहे. बाकीच्या सांगतात की इथून इथपर्यंतचा भाग बदलता येण्याजोगा. ब्राउझर या टिप्पण्यांकडे पाहतसुद्धा नाही. टेम्प्लेट बदलून सेव्ह केली की सॉफ्टवेअर विचारतं, या टेम्प्लेटवरची पानं अपडेट करू का? होकार दिला की ते संगणकावरचं एकेक पान उघडतं, कुलूपबंद भाग नव्याने लिहितं आणि बदलता येण्याजोगा भाग तसाच ठेवतं. ज्या पानात ती टिप्पणी नाही, ते पान या फेरीत येतच नाही. शिवाय हे सगळं घडतं आपल्या संगणकावर. सर्व्हरवर ती सगळी पानं पुन्हा चढवली, तरच वाचकाला बदल दिसतो.

58 पैकी 41 पानांत ती टिप्पणी शाबूत होती. 17 पानांत नव्हती. नवा नंबर होता बरोबर त्या 41 पानांवर आणि जुना नंबर बरोबर त्या 17 पानांवर. ताईंनी टेम्प्लेटमध्ये नंबर बदलला होता, अपडेटला होकार दिला होता, सगळी पानं चढवलीही होती. त्यांच्याकडून काहीच चुकलं नव्हतं.

मग ती 17 पानं सुटी कशी झाली? त्यातली सहा सरांनी वर्डमध्ये लिहिलेल्या मजकुराची होती. वर्डमधूनच एचटीएमएल (वेब पानाचा कोड) म्हणून सेव्ह केलेली आणि वर मथळा चिकटवलेला. उरलेल्या 11 पानांचं कारण जास्त बोलकं आहे. मी ताईंच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "ताई, नवा अभ्यासक्रम आला की तुम्ही पान कसं करता, ते मला करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही."

त्यांनी एक जुनं पान उघडलं, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं नाव दिलं. मजकूर बदलला. मग मथळ्याखालच्या निळ्या पट्टीकडे गेल्या. तिथे अभ्यासक्रमाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. त्यांनी क्लिक केलं. कर्सर नकाराच्या खुणेचा झाला. पट्टी कुलूपबंद भागात होती. ताई जराही न थांबता वरच्या मेनूत गेल्या आणि ‘डिटॅच फ्रॉम टेम्प्लेट’ निवडलं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात वर टेम्प्लेटचं नाव लिहिलेली एक छोटी पट्टी असते, ती नाहीशी झाली. बाकी पान होतं तसंच दिसत राहिलं. "हे केलं की लिहू देतं," ताई म्हणाल्या. "मला एकाने फोनवर सांगितलं होतं."

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. चूक ताईंची नव्हती, सॉफ्टवेअरचीही नव्हती. टेम्प्लेटमधल्या रेषा चुकीच्या जागी आखल्या होत्या. बांधणाऱ्याने पान पाहिलं ते चित्र म्हणून. वरचा रंगीत भाग म्हणजे मथळा, तो बंद. खालचा पांढरा भाग म्हणजे मजकूर, तो उघडा. दिसायला ती विभागणी अगदी बरोबर वाटते. पण अभ्यासक्रमाचं नाव रंगीत पट्टीत असूनही दर पानाला बदलतं, आणि कार्यालयाची वेळ पांढऱ्या भागात असूनही सगळ्या पानांवर एकच असते. दृश्य सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत पानाचं रूप असतं, म्हणून ही गल्लत फार सहज होते. कुलूप कुठे लावायचं हे रूपावरून ठरवू नये. काय बदलतं, किती वेळा बदलतं आणि कोण बदलतं यावरून ठरवावं. तसं नसेल तर वापरणारा माणूस काम अडू नये म्हणून कुलूप मोडतो, आणि त्याने ते मोडणं योग्यच असतं.

आता तारीख. आधी जाहीर झालेली तारीख 30 होती, ती पुढे 15वर आणली गेली. स्वयंसेवकाने त्याच रात्री फाइल मॅनेजरमधून दोन्ही पानं उघडून 30चं 15 केलं. दोन्हीकडे बरोबर तारीख आली. आठवड्याने ताईंना मुख्य पानावर कार्यक्रमाचा एक फोटो टाकायचा होता. त्यांच्या संगणकावरच्या मुख्य पानात अजून 30च होतं, कारण स्वयंसेवकाचा बदल फक्त सर्व्हरवर झाला होता. ताईंनी फोटो टाकला, सेव्ह केलं, पान चढवलं. सर्व्हरवरच्या नव्या पानावर जुनं पान बसलं. मुख्य पान 30वर परतलं, अभ्यासक्रमाचं पान 15वरच राहिलं.

आणि ज्या फोटोसाठी हे घडलं तो फोटो वाचकांना दिसलाच नाही. ताईंना मात्र दिसत होता. मी विचारलं, "ताई, तुम्ही कुठे पाहिलात?" त्यांनी फोल्डर उघडून फाइलवर डबल क्लिक केलं, ब्राउझर उघडला, फोटो झळकला. मी बोट ठेवलं ते वरच्या पत्त्यावर. तिथे साइटचं नाव नव्हतं. ‘फाइल’ या शब्दाने सुरू होणारा, सी ड्राइव्हवरून जाणारा पत्ता होता. पान त्यांच्याच संगणकावरचं होतं. पानाच्या कोडमध्ये फोटोचा पत्ताही तसाच, त्यांच्या डाउनलोड्स फोल्डरचा. फोटो घालताना सॉफ्टवेअरने विचारलं होतं की ही फाइल साइटच्या फोल्डरबाहेर आहे, आत प्रत करू का? "उगाच दोन-दोन प्रती कशाला," म्हणून ताईंनी नाही म्हटलं होतं. चुकीच्या प्रतींनीच हे सगळं प्रकरण घडवलं, आणि जिथे प्रत हवी होती तिथे ती झाली नाही.

तिसरी एक तक्रार स्वयंसेवकाची होती. तो मेनूत ‘ऑनलाइन अर्ज’ ही लिंक टाकायचा आणि काही दिवसांनी ती नाहीशी व्हायची. "साइट लिंक गिळते," असं तो म्हणायचा. उलगडा एव्हाना वाचकाला झालाच असेल. मेनू कुलूपबंद भागात होता. कुलूप फक्त ड्रीमवीव्हरमध्ये असतं, फाइल मॅनेजरला ते दिसत नाही. टेम्प्लेट पुढच्या वेळी अपडेट होऊन पानं चढली की ती लिंक पुसली जायची.

यानंतर ‘मग वर्डप्रेसवर जाऊया का’ हा प्रश्न आला आणि तो रास्त होता. ज्या साइटवर तीन-चार माणसं रोज मजकूर बदलतात तिथे मी तेच सुचवतो, कारण तिथे मजकूर डेटाबेसमध्ये एकाच जागी राहतो आणि चार संगणकांवर चार प्रती होत नाहीत. इथे मात्र 58पैकी पन्नासहून अधिक पानं वर्षातून एकदाच बदलतात. वरचेवर बदलतात त्या फक्त तीन गोष्टी : तारखा, वेळापत्रक आणि संपर्क. त्यासाठी डेटाबेस, प्लगइन आणि त्यांचे सततचे सुरक्षा-अपडेट सांभाळायची ताकद संस्थेकडे नव्हती.

दुसरा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटला. दृश्य सॉफ्टवेअर येतात आणि बंदही होतात. मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज गेलं, अ‍ॅपलचं आयवेब गेलं, अडोबीचं गोलाइव्ह 2008मध्ये थांबलं. म्यूज थांबवत असल्याचं अडोबीने 2018च्या मार्चमध्ये जाहीर केलं आणि त्याचं तांत्रिक साहाय्य 2020च्या मार्चमध्ये संपलं. म्यूजमध्ये साइटचा खरा स्रोत त्याची स्वतःची फाइल असे. त्यातून बाहेर पडलेलं एचटीएमएल पुन्हा म्यूजमध्ये नेऊन काम करता येत नसे. ड्रीमवीव्हर 1997मध्ये मॅक्रोमीडियाने आणलं, 2005मध्ये ती कंपनी अडोबीने घेतली. या सगळ्या प्रवासात त्याची एक गोष्ट टिकली : त्यात बांधलेली साइट म्हणजे साध्या एचटीएमएल आणि सीएसएस फाइलीच. टेम्प्लेटची खूणही साध्या टिप्पणीत. उद्या ड्रीमवीव्हर नसलं तरी कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ही साइट उघडेल. हातात असलेली ही जमेची बाजू सोडायची नाही असं आम्ही ठरवलं.

दुरुस्तीला टेम्प्लेटपासून सुरुवात केली. निळ्या पट्टीतलं नाव बदलता येण्याजोगं केलं, कार्यालयाची वेळ बंद भागात घेतली. मग सुटी पानं एकेक करून पुन्हा टेम्प्लेटखाली आणली. ‘अप्लाय टेम्प्लेट’ केल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, जुन्या पानातला हा मजकूर कुठल्या भागात ठेवू? सुट्या पानात भागच उरलेले नसतात, त्यामुळे सगळा मजकूर एका भागात घालावा लागतो आणि मग त्यात दुसऱ्यांदा आलेला मथळा आणि मेनू हाताने काढावा लागतो. एका पानाला दहा-पंधरा मिनिटं. वर्डमधून आलेल्या सहा पानांना जास्त वेळ लागला. ‘क्लीन अप वर्ड एचटीएमएल’ ही आज्ञा वर्डचा बराच कचरा काढते, तरी रिकामे परिच्छेद आणि ओळीओळीला चिकटलेले फॉन्ट हातानेच काढावे लागले.

फोन नंबर आणि तारखा टेम्प्लेटमध्ये ठेवायच्या का, यावर बराच खल झाला. ड्रीमवीव्हरमध्ये ‘लायब्ररी आयटम’ असतो. छोटा तुकडा एकदा लिहायचा आणि हव्या त्या पानांत घालायचा. पण त्याचीही रीत टेम्प्लेटसारखीच. तुकडा बदलला की सगळी पानं संगणकावर बदलतात आणि मग सगळी चढवावी लागतात. घाईत दहाच चढली की पुन्हा दोन तारखा. जी गोष्ट आठवड्याला बदलते ती अशी ठेवणं मला पटलं नाही. म्हणून तीन छोट्या फाइली केल्या, संपर्क, तारखा आणि वेळापत्रक, आणि पानांत सर्व्हर-साइड इन्क्लूड वापरलं. म्हणजे पान वाचकाकडे जाताना सर्व्हर तो तुकडा त्यात घालतो. तारीख बदलली की एकच फाइल चढवायची. जिथे जिथे तारीख आहे तिथे ती त्याच क्षणी बदलते.

यात एक अडचण होती. असे इन्क्लूड चालावेत म्हणून पानांचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, सहसा बदलतात, आणि एक्स्टेन्शन बदललं की पत्ते बदलतात. लोकांनी जपून ठेवलेल्या आणि छापील पत्रकांवर गेलेल्या लिंका मोडल्या असत्या. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाची होतं, त्यामुळे त्याच्या सेटिंगच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये एक ओळ घालून एचटीएमएल पानांतच इन्क्लूड चालू करता आले. पत्ते जसेच्या तसे राहिले. ड्रीमवीव्हरच्या डिझाइन व्ह्यूमध्ये हे तुकडे जागच्या जागी दिसतात, त्यामुळे ताईंना पान अर्धवट वाटत नाही. फक्त फाइलवर डबल क्लिक करून ब्राउझरमध्ये पाहिलं की त्या जागा रिकाम्या दिसतात, कारण तिथे सर्व्हरच नसतो. मला ही गैरसोय उपयोगाची वाटली. आता ताई आपोआप खऱ्या पत्त्यावर जाऊनच तपासतात.

प्रतींचा प्रश्न उरला होता. ड्रीमवीव्हरमध्ये ‘चेक आउट’ची सोय आहे. कोणी पान घेतलं की सर्व्हरवर त्या पानाशेजारी एलसीके एक्स्टेन्शनची छोटी फाइल बनते आणि दुसऱ्याला कळतं की पान कोणाकडे आहे. ती चालू केली. पण हे कुलूपही ड्रीमवीव्हर वापरणाऱ्यांपुरतंच. फाइल मॅनेजरमधून येणाऱ्याला ते अडवत नाही. म्हणून कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड बदलून एकाकडेच ठेवला. स्वयंसेवकाशी याबद्दल सरळ बोललो. "अरे, तुझे बदल बरोबरच असतात, पण ते बाकीच्यांपर्यंत पोचत नाहीत." त्याला वाईट वाटेल अशी भीती होती. त्यानेच सगळी साइट गिटमध्ये घातली, आणि आता कोणता बदल कधी आणि का झाला याची नोंद राहते.

याच टप्प्यावर माझ्या हातून मोठं नुकसान होता होता राहिलं. संगणकावरची साइट आणि सर्व्हर एकसारखे करण्यासाठी मी ‘सिंक्रोनाइझ’ वापरलं, आणि ‘संगणकावर नसलेल्या फाइली सर्व्हरवरून काढून टाका’ हा पर्याय निवडला. जुना कचरा जाईल असा विचार होता. सॉफ्टवेअर प्रत्यक्ष काम करण्याआधी यादी दाखवतं. यादीत अर्जांच्या पीडीएफ नमुन्यांचं अख्खं फोल्डर काढून टाकायच्या खुणेसह उभं होतं. ते नमुने सरांनी थेट सर्व्हरवर ठेवले होते, बाकीच्या तीन प्रतींपैकी एकीतही ते नव्हते. ती यादी न वाचता पुढे गेलो असतो तर परत आणायला माझी पहिल्या दिवशीची प्रत होती, हे खरं. पण तोवर अर्ज डाउनलोड करणाऱ्यांना रिकामं पान मिळालं असतं. तो पर्याय मी तेव्हापासून वापरलेला नाही.

पहिला खरा कस महिन्याभरात लागला. एका वर्गाची तारीख दुपारी बदलली. ताईंनी तारखांची फाइल उघडली, एक ओळ बदलली, चढवली आणि मोबाइलवर, वायफाय बंद करून, साइट उघडली. मुख्य पान, अभ्यासक्रमाचं पान आणि प्रवेशाचं पान, तिन्हीकडे नवी तारीख होती. त्यांनी मला फोन केला तो फक्त हे सांगायला.

एक गळती मात्र आहे आणि ती सॉफ्टवेअरने बुजणारी नाही. तारीख चित्रातही असते. सर कार्यक्रमाचं पोस्टर पाठवतात, त्यावर तारीख आणि फोन नंबर छापलेला असतो. ते चित्र साइटवर गेलं की ती पुन्हा एक वेगळी प्रत, जिला कुठलाही इन्क्लूड पोचत नाही. साइटवरच्या चित्रात तारीख आणि नंबर नको, हे सरांनी मान्य केलं आहे. मागच्या दोन पोस्टरांच्या साइटसाठी वेगळ्या आवृत्त्या त्यांनी न सांगता पाठवल्या.

17 पैकी 16 पानं आता टेम्प्लेटखाली आहेत. उरलेलं एक पान जुन्या विद्यार्थ्यांच्या नावांचं आहे. त्याच्या चार प्रतींत चार वेगळ्या याद्या निघाल्या, आणि त्यातली पूर्ण कोणती ते फाइलींवरून ठरत नाही. त्यातला फोन नंबर मी हाताने बदलला आहे. ताई कार्यालयातल्या जुन्या हजेरीपटांवरून एकेक नाव ताडून पाहत आहेत; ते होईपर्यंत त्या पानाला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं आहे.